‘लेथार्जिक’ म्हणजे आळशी नव्हे



या सदरात आपण बी-बियाणे, खत, पाणी यांविषयी नेहमीच बोलतो. आज एका शब्दाविषयी बोलू. शब्द इंग्रजी आहे आणि हल्ली तो आपल्या घरात चार वाटांनी येतो. दवाखान्याच्या कागदावर येतो, गुरांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येतो, कीटकनाशकाच्या डब्यातल्या घडीपत्रिकेवर येतो आणि कधीकधी मुलांच्या प्रगतिपुस्तकातही येतो. तो शब्द म्हणजे ‘लेथार्जिक’.

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याचा माणूस इंग्रजीची शिकवणी कधीपासून घेऊ लागला? कारण सांगतो. या शब्दाचा अर्थ चुकला, तर नुसते मार्क जात नाहीत. गोठ्यातले जनावर जाते आणि प्रसंगी घरातले माणूसही जाते.

घरोघरी काय होते ते पाहा. कागद घरी येतो. शिकलेला मुलगा मोबाईलमध्ये शब्द घालून अर्थ काढतो. उत्तर येते, ‘सुस्त, आळशी’. ऐकणारे हसतात. ‘हात्तिच्या! आळशीच ना? मग त्यात काय एवढे!’ असे म्हणून कागद खुंटीवर जातो. वास्तविक लिहिणाऱ्याने धोक्याची घंटा वाजवलेली असते आणि आपण तिला थट्टा समजतो.

आपल्या मुक्ताईनगरच्या लोकांना कोऱ्या पत्राची कथा सांगायला नको. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र धाडले आणि मुक्ताईने त्या कोरेपणावर नेमके बोट ठेवले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. डॉक्टरांचा कागद कोरा नसतो. पण त्यातला कळीचा शब्द कळला नाही, तर आपल्यापुरता तो कोराच राहतो. म्हणून आज एवढा एकच शब्द नीट वाचायला शिकू.

शब्द आला कुठून?

मूळ शब्द ग्रीक आहे. ‘लेथे’ म्हणजे विस्मरण आणि ‘आर्गोस’ म्हणजे निष्क्रिय, काही काम न करणारा. ग्रीक पुराणात मृतांच्या लोकात लेथे नावाची नदी आहे. तिचे पाणी प्यायले की मागचे सारे विसरायला होते, असे ते मानीत. आपल्याकडे जशी वैतरणी, तशी त्यांच्याकडे ही. जुने ग्रीक वैद्य गुंगीच्या आजाराला याच घराण्यातला शब्द वापरीत.

म्हणजे या शब्दाच्या पोटात आळस नाही, गुंगी आहे. ज्याला भोवतालचे भान उरलेले नाही, हाक मारली तरी जो पुरता आपल्यापाशी येत नाही, तो लेथार्जिक. मराठीत त्याच्या जवळचे शब्द म्हणजे मलूल, मरगळलेला, ग्लानी आलेला. ‘सुस्त’ हाही चालतो, पण गावात आपण कोणाला सुस्त म्हणतो तेव्हा त्यात दोष देण्याचा सूर असतो. लेथार्जिक या शब्दात दोष नसतो. ते वागणुकीवरचे बोलणे नव्हे, शरीराच्या स्थितीचे वर्णन आहे.

वावरातली कसोटी

आता हाच अर्थ आपल्या भाषेत, म्हणजे वावराच्या भाषेत समजून घेऊ. मे महिन्यात भर दुपारी केळीच्या बागेत जा. पानाच्या दोन्ही बाजू मधल्या शिरेपासून खाली मिटलेल्या दिसतात. कपाशीची पानेही दुपारी माना टाकतात. नवखा माणूस घाबरतो. जाणता शेतकरी म्हणतो, ‘संध्याकाळी पाहू.’ ऊन उतरले, पाणी मिळाले, की पान पुन्हा ताठ होते. ते झाड दमले होते.

पण रात्र गेली, पहाटेचा गारवा मिळाला, जमिनीत ओल आहे, आणि तरीही सकाळी पान लोंबतेच आहे, तर ते दमणे नव्हे. तिथे मुळाशी काहीतरी बिघडले आहे. मर आहे, मूळकूज आहे, की पाणी साचून मुळे गुदमरली आहेत, हे उकरून पाहावे लागते.

माणसाला आणि जनावराला हीच कसोटी लावा. विश्रांतीने, जेवणाने, पाण्याने जो जातो तो थकवा. विश्रांती मिळूनही जो जात नाही, किंवा ज्यात हाकेला ओ देण्याचीही शक्ती नसते, ती लेथर्जी. थकवा झोपेने बरा होतो. लेथर्जीचे कारण शोधावे लागते.

सारखे दिसणारे शब्द

इंग्रजीत या घराण्यातले बरेच शब्द आहेत. कपाशी आणि अंबाडीची पाने लांबून सारखी वाटतात, तसेच यांचे आहे. जवळून पाहिले की फरक कळतो.

‘टायर्ड’ म्हणजे दमलेला. काम केले, दमला. ‘वीक’ म्हणजे अशक्त. याचे भान शाबूत असते, पण अंगात बळ नसते. ‘लेझी’ म्हणजे आळशी. याच्या अंगात बळ असते, पण मन नसते. ‘ड्राउझी’ म्हणजे झोपेची गुंगी आलेला. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांवर ‘ड्राउझिनेस’ असा शब्द छापलेला असतो. ते औषध घेऊन ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नये, असा त्याचा अर्थ. ‘स्लगिश’ म्हणजे मंद गतीचा. ‘स्लग’ म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. बाजार स्लगिश असतो, पाण्याचा प्रवाह स्लगिश असतो. ‘डल’ हा शब्द गुरांचे डॉक्टर पुष्कळ वापरतात. जनावर मलूल आहे, असा त्याचा अर्थ.

या सगळ्यांच्या विरुद्ध बाजूचा शब्द ‘अलर्ट’, म्हणजे सावध, तरतरीत. हाक मारताच मान वळवणारे जनावर अलर्ट. आवाजाच्या दिशेने डोळे फिरवणारे बाळ अलर्ट.

रडणारे मूल शांत झाले, तर?

आजच्या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. मायबहिणींनी तो दोनदा वाचावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९० च्या दशकात लहान मुलांच्या आजारांसाठी एक पद्धत आखली. ती पुढे भारतानेही स्वीकारली. दोन महिने ते पाच वर्षे वयाच्या आजारी बालकात धोक्याची कोणती चिन्हे आधी पाहावीत, ते तिच्यात सांगितले आहे. ती चिन्हे अशी : बाळ दूध किंवा पाणी पिऊ शकत नाही, प्यालेले सगळे उलटून टाकते, झटके येतात किंवा येऊन गेलेले असतात, आणि बाळ लेथार्जिक किंवा बेशुद्ध असते. यातले एक जरी चिन्ह दिसले तरी बाळाला तातडीने दवाखान्यात न्यायचे असते. म्हणजे ज्या शब्दाला आपण ‘आळशी’ म्हणून हसलो, तो बेशुद्धीच्या शेजारी बसवलेला शब्द आहे.

जुलाबाच्या वेळी तर याचे महत्त्व फार. अंगातले पाणी कमी होऊ लागले की मूल आधी चिडचिडे होते, रडते, पाण्यासाठी हपापते. ही पहिली पायरी. पाणी आणखी कमी झाले की मूल गप्प होते. डोळे खोल जातात, पाणी दिले तरी पीत नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर पूर्ववत व्हायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो. ही पुढची पायरी, आणि ही अतिशय गंभीर.

आपल्याकडे समज उलटा आहे. ‘रात्रभर किरकिरत होता, आता शांत पडला आहे, उतार पडला वाटते’ असे म्हणून घर निःश्वास सोडते. बायांनो, खरा उतार पडलेले मूल शांत होते तेव्हा ते तुमच्याकडे पाहते, खेळणे धरते, दूध मागते. मलूल झालेले मूल शांत होते तेव्हा ते शून्यात पाहते. या दोन शांततांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

ओळखावे कसे? नावाने हाक मारा. टाळी वाजवा. झोपले असेल तर हलवून जागे करा. निरोगी मूल झोपमोड झाली म्हणून रडेल, पण जागे होईल आणि आईचा चेहरा पाहील. जे जागे होत नाही, किंवा डोळे उघडूनही पाहत नाही, ते लेथार्जिक. मग अंगारा, काढा, ‘सकाळी बघू’ हे सारे बाजूला ठेवा आणि १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. मूल गिळू शकत असेल तर वाटेत जलसंजीवनीचे घोट देत राहा, अंगावरचे दूध चालू ठेवा. गिळता येत नसेल तर तोंडात काही ओतू नका.

आणि ही वेळ येऊच नये म्हणून पहिल्या जुलाबापासूनच जलसंजीवनी सुरू करावी. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात. वयाप्रमाणे मात्रा आरोग्यसेविका किंवा आशाताई सांगतील.

घरची लक्ष्मी आणि शाळेतली मुलगी

लहान मुलाची लेथर्जी तासांत वाढते. मोठ्या माणसाची महिनोन्महिने अंगात मुरते. आजार हत्तीच्या पावलाने येतो असे आपण म्हणतो, पण हा मुंगीच्या पावलाने येतो.

सून सकाळी उठते तीच दमलेली. जिना चढताना धाप लागते, बसल्या जागी डोळा लागतो. सासू म्हणते, ‘आमच्या वेळी आम्ही दळण दळून वावरात जात होतो.’ मुलगी वर्गात पेंगते आणि प्रगतिपुस्तकात शेरा येतो. बापाला वाटते, अभ्यासाचा कंटाळा. दोघींच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. तो लाल-गुलाबी न दिसता फिकट दिसला, तर आळस कसला? अंगात रक्तच कमी असण्याचा संभव मोठा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात होते. म्हणजे दर दोन बायांत एकीहून अधिक. एवढ्या साऱ्या आळशी कशा असतील?

रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय मानतात. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुलीने खिशात घालून आणू नये, तिथेच घ्यावी. जेवणात पालेभाजी, डाळी, बाजरी असावी आणि वर लिंबू पिळावे. आंबटाने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर किंवा लगेच चहा घेऊ नये. चहाने ते अडते. आणि ज्या घरात सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले बाईच्या वाट्याला येते, त्या घराने हा लेख वाचून झाल्यावर पंक्तीची रीत बदलावी. पिकाला खत न घालता उताऱ्याची अपेक्षा आपण करीत नाही. मग घरच्या लक्ष्मीकडून का करावी?

मरगळीमागे मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग यांपैकीही काही असू शकते; ते डॉक्टर तपासून ठरवतील. कधी कारण मनातही असते. कर्ज, नापिकी, भाव पडणे यांनी खचलेला माणूस दिवसचे दिवस खाटेवर पडून राहतो, कोणाशी बोलत नाही, वावराकडे फिरकत नाही. त्याला ‘ऊठ, आळशासारखा पडू नकोस’ म्हणण्याने काही साधत नाही. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा शासनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तिथे बोलण्यात कमीपणा नाही.

फवारणी आणि ऊन

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पोहोचले. ते दुःख आपण विसरता कामा नये. फवारणी करून आलेला माणूस डोके धरून बसला, मलूल झाला, की ‘उन्हाने झाले असेल, पडू दे जरा’ म्हणू नका. भरमसाट घाम, तोंडातून लाळ, मळमळ, धूसर दिसणे, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, यांपैकी काही दिसले तर अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि दवाखान्यात न्या. औषधाचा डबा किंवा त्यावरची पत्रिका सोबत न्यायला विसरू नका. कोणते विष आहे हे कळले की उपचार लवकर सुरू होतो.

आपल्या भागातला उन्हाळा तर प्रसिद्धच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि तशातच केळीचे घड वाहावे लागतात. उन्हात काम करणारा गडी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, हाकेला उत्तर देईना, तर तो दमला नाही, त्याला उष्माघात झाला आहे. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

गोठ्यातला मुका रुग्ण

जनावर बोलत नाही, म्हणून मरगळ हीच त्याची भाषा. निरोगी गाय दिवसातून सात-आठ तास रवंथ करते, कान हलवते, माश्या हाकते, तिची नाकपुडी ओलसर असते. सकाळी गोठ्यात शिरताच जे जनावर मान वर करीत नाही, कळपापासून वेगळे उभे राहते, रवंथ करीत नाही, ते लेथार्जिक समजा. निरोगी गाईचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. एक थर्मामीटर गोठ्यासाठी वेगळा ठेवावा.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये लंपी चर्मरोगाची साथ आली, तेव्हा राज्यात तिची सुरुवात आपल्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातून झाली. या रोगात अंगावर गाठी उठण्याआधी ताप येतो, डोळ्या-नाकातून पाणी गळते, चाऱ्यावरून मन उडते. हा मलूलपणा ज्याने ओळखला, त्याला आजारी जनावर वेगळे बांधायला वेळ मिळतो. ज्याने गाठींची वाट पाहिली, त्याच्या गोठ्यात रोग पसरायला तेवढे दिवस मिळतात.

दुसरे उदाहरण ‘मिल्क फीव्हर’चे. हे नावही फसवे आहे, कारण त्यात ताप नसतो. दुधाळ गाय-म्हैस व्याल्यानंतर बहुधा पहिल्या तीन दिवसांत रक्तातले कॅल्शियम घसरते. कान आणि अंग गार पडते, जनावर बसते ते उठत नाही, मान पोटाकडे वळवून गुंगीत राहते. ‘वेतानंतर थकली आहे’ म्हणून थांबलात तर जनावर हातचे जाईल. वेळेवर शिरेतून कॅल्शियम मिळाले तर पुष्कळदा ते थोड्या वेळात उठून उभे राहते. अशा गुंगीतल्या जनावराला घरी काही पाजू नका. ते फुप्फुसात जाते. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

शब्द वापरावा कसा?

हे विशेषण आहे, हे लक्षात ठेवा. मराठीत ‘गाय मलूल आहे’ म्हणतो, तसेच ‘द काऊ इज लेथार्जिक’. सकाळपासून मलूल असेल तर ‘द काऊ हॅज बीन लेथार्जिक सिन्स मॉर्निंग’. नामाच्या आधीही ते येते : ‘अ लेथार्जिक चाइल्ड’. त्या अवस्थेचे नाव ‘लेथर्जी’. उच्चारताना विशेषणात जोर ‘थार’वर द्यावा, नामात पहिल्या ‘ले’वर.

इंग्रजी बोलता आले नाही तरी अडत नाही. डॉक्टरांना नुसते ‘बरे वाटत नाही’ असे सांगण्यापेक्षा चार गोष्टी सांगा : केव्हापासून मलूल आहे, हाकेला उत्तर देतो का, खाणे-पिणे किती, आणि विश्रांती घेऊन फरक पडला का. एवढ्यावरून डॉक्टर समजायचे ते समजतात.

शेवटी एवढेच. कोणाला आळशी म्हणण्याआधी एक हाक मारून पाहा, डोळ्यांत पाहा, एक रात्र विश्रांती मिळाली होती का ते आठवा. ज्याच्यात खरोखर आळस आहे त्याला कामाला लावायला उद्याचा दिवस आहे. जो मलूल आहे, त्याच्याजवळ तेवढा वेळ नसेल.